मडक्याला आठवण नसते

मडकं साधंच, पाण्याचं. त्यात शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या. मुलांनी एक चिठ्ठी काढायची, आकडा फळ्यावर लिहायचा, चिठ्ठी परत आत टाकून मडकं हलवायचं. सोलापुरातल्या माझ्या संख्याशास्त्राच्या वर्गात एक अख्खा तास हेच चाललं होतं.

निमित्त सिनेमाचं. आदल्या शनिवारी मुलांच्याच आग्रहावरून आम्ही '21' पाहिला होता, 2008 सालचा. एमआयटीतल्या हुशार बेनला हार्वर्डमध्ये डॉक्टरकीला जायचं आहे, आणि त्यासाठी तीन लाख डॉलर कुठून आणायचे हा पेच आहे. गणिताचा प्राध्यापक त्याला जुगारात जिंकण्यासाठी पत्ते मोजणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टोळीत ओढतो, आणि दर शनिवार-रविवार लास व्हेगासच्या वाऱ्या सुरू होतात. सिनेमा संपल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे हिशेब पक्का असला की जिंकता येतंय की ओ, सर!" त्या मुलाच्या मोबाइलमध्ये मटक्याच्या जुन्या आकड्यांचा चार्ट होता.

बेनची युक्ती खरी आहे. दुरी ते छक्की निघाली की एक मिळवायचा, दश्शी ते एक्का निघाला की एक वजा करायचा, सत्ती-अठ्ठी-नव्वी सोडून द्यायची. वाटलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत कॅटमध्ये परत येत नाही, म्हणून उरलेल्या पत्त्यांत मोठे जास्त आहेत की लहान, याचा अंदाज बांधता येतो. गेलेल्या पत्त्यांची आठवण कॅट ठेवतो.

मटक्यात तसं काहीच नसतं. न्यूयॉर्कहून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या भावांवर आकडा लावण्यातून हा खेळ निघाला. ते भाव येणं थांबल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी तो मुंबईत वाढवला. आकडे खरोखरच मडक्यातून निघायचे, पुढे पत्ते आले. आमचं गाव गिरण्यांचं. कापूसही इथला ओळखीचा आणि 'ओपन', 'क्लोज', 'जोडी' हे मटक्यातले शब्दही.

वर्गात चौदा चिठ्ठ्यांत सात तीनदा आला. "आता सात येणार नाही," अशी सगळ्यांची खात्री. पंधरावी चिठ्ठी मी उघडली. सात! चार्टवाला मुलगा बाकावरून उठून फळ्यापाशी आला आणि मडक्यात वाकून बघू लागला.

मग हिशेब मांडला. सिंगल आकड्याला एकास नऊ मिळतात. दहा रुपये शंभर वेळा लावले की हजार गेले. सरासरी दहा वेळा आकडा लागणार, दर वेळी नव्वद, म्हणजे नऊशे परत. उरलेले शंभर चालवणाऱ्याचे. इथे कितीही हुशारी लावली तरी त्या शंभराला धक्का लागत नाही.

तास संपल्यावर तो चार्टवाला मुलगा थांबला. त्याची परीक्षेची फी मोबाइलवरच्या खेळात गेली होती. असे पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये झाला, पण गेलेले पैसे गेले. त्याची आई विड्या वळते. विडीची मजुरी हजारावर असते, त्यामुळे फी म्हणजे आईच्या किती हजार विड्या, हे त्याला तोंडपाठ होतं. तो उगाच मडक्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

मला राहून राहून त्या सिनेमातला प्राध्यापक आठवत होता. एरवी तो स्वतः टेबलावर बसत नाही, मुलांना बसवतो. नीतीचा प्रश्न आपण नेहमी बेनला विचारतो, खेळ मांडणाऱ्याला कुणी विचारत नाही. आणि शिकवणाऱ्यानं मुलाच्या बुद्धीचा असा वापर करावा, हे मला बेनच्या वागण्याहून कितीतरी मोठं पाप वाटतं.

"आईला सांगितलंस?"

"नाही सर."

रविवारी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी कुंभारीला गेलो, विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. आईच्या मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं नि तंबाखू. पान वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मुलगा बोलत होता तेव्हाही बाईंचा हात थांबला नाही. एक विडी मात्र सैल झाली. ती सोडून त्यांनी पुन्हा बांधली आणि मुलाला तेलुगूत काहीतरी विचारलं.

"काय म्हणाल्या?"

"फी भरायची शेवटची तारीख कधी आहे, विचारतीय."