सूचना दिली, पण पोहोचली का?



या अंकात मला आपल्याशी एका साध्या विषयावर बोलायचे आहे. शाळेत काय चालले आहे ते घरी कसे कळते, आणि घरी काय चालले आहे ते शाळेला कसे कळते, हा तो विषय. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका शनिवारी शिक्षकांची बैठक असल्यामुळे शाळा लवकर सोडायची होती. आदल्या दिवशी मी सूचना लिहिली, "शनिवारी सकाळी १० वाजल्यानंतर अवकाश राहील." वर्गशिक्षिकांनी ती मुलांच्या डायरीत लिहून दिली आणि मोबाइलवरही पाठवली. माझ्या दृष्टीने काम झाले होते.

शनिवारी साडेबारा वाजता बैठक संपवून बाहेर आले, तर दुसरीतला एक मुलगा व्हरांड्याच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेला. अडीच तास तो तिथेच होता. डबा संपला होता, आणि रडून रडून डोळे सुजले होते. शिपायाला वाटले, कोणी तरी येतच असेल. तेवढ्यात त्याची आजी नेहमीच्या वेळेवर, छत्री सांभाळत, शांतपणे फाटकातून आत आली. आई माहेरी गेली होती. वडील पीथमपूरला कारखान्यात, आणि कामाच्या वेळी मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, म्हणून मेसेज त्यांनी पाहिलाच नव्हता. आजी नुकत्याच साताऱ्याकडून आलेल्या. डायरी त्यांनी चष्मा लावून नीट वाचली होती.

"बाई, अवकाश म्हणजे मोकळा वेळ ना?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दहानंतर मुलांना खेळायला सोडणार. 'शाळा सुटेल' एवढं लिहिलं असतं तर मी धावत आले असते हो."

मला उत्तर सुचले नाही. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. इंदूरमध्ये आपण सर्वजण हे दोन्ही अर्थ इतके सहज वापरतो की फरक लक्षातच येत नाही. पण साताऱ्याच्या आजींचे मराठी बरोबर होते, माझेच चुकले होते. मी त्यांची आणि त्या मुलाची माफी मागितली. त्या दिवसापासून मी एक गोष्ट स्वतःला बजावते आहे. सूचना लिहिली म्हणजे दिली असे नाही. ती समजली, तेव्हाच पोहोचली.

असे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत. आमच्या एका शिक्षिकेने एका मुलीच्या डायरीत "चांगली चेष्टा करते" असे लिहिले होते. त्यांना म्हणायचे होते, मुलगी चांगला प्रयत्न करते. मुलीचे आजोबा मात्र, आपली नात वर्गात कोणाची थट्टा करते, हे विचारायला आले! आज हसू येते, पण नातीला घरी बोलणी बसली होती.

दुसरी बाजूही आहे. घरात मराठी बोलतात, पण वाचायला हिंदी सोपी जाते, असे तरुण पालक आपल्या शाळेत बरेच आहेत. यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही, मी स्वतः त्यांच्यातलीच आहे. म्हणून आता आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत.

एका सूचनेत एकच विषय असेल. वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहिले जातील. शाळा सुटण्याची वेळ, औषध किंवा सहल यांसंबंधीची सूचना मराठीत आणि खाली एका ओळीत हिंदीतही असेल. शेवटच्या तासाला वर्गशिक्षिका ती मुलांना वाचून दाखवतील आणि दोन-तीन मुलांकडून वदवून घेतील, कारण लहान मूल हेसुद्धा आपले निरोप्याच आहे. दुसऱ्या दिवशी डायरीवर पालकांची सही पाहिली जाईल. वेळ बदलण्याची सूचना असेल तर ती निदान दोन दिवस आधी जाईल, आणि सही नसेल तिथे आम्ही फोन करू. सहीचा आग्रह शिस्तीसाठी नाही. आपल्यापर्यंत गोष्ट पोहोचली, हे कळण्याचा तो आमच्याजवळचा एकमेव उपाय आहे. आणि शेवटचे मूल घरच्यांच्या हाती जाईपर्यंत एक शिक्षिका फाटकाजवळ थांबेल.

आता व्हॉट्सॲपविषयी. थंडीच्या लाटेत किंवा अतिवृष्टीत शाळेची वेळ बदलण्याचा कलेक्टर साहेबांचा आदेश पुष्कळदा संध्याकाळी उशिरा येतो. तेव्हा डायरीचा उपयोग नसतो, मोबाइलच कामी येतो. पण अशा दिवशी मागच्या वर्षीचे आदेशही फिरत असतात. म्हणून आदेशावरची तारीख आणि वर्ष पाहावे, आणि शाळेच्या नंबरवरून आलेला निरोपच खरा मानावा. वर्गाच्या ग्रुपवर आपल्या मुलाची तक्रार, दुसऱ्याच्या मुलाचे गुण किंवा फोटो कृपया टाकू नयेत. ज्याच्याविषयी लिहिले जाते, ते सात-आठ वर्षांचे मूल असते, आणि त्याला उत्तर देता येत नाही.

काही प्रश्न पालक वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे इथेच देते.

"दुसरीपर्यंत गृहकार्य का देत नाही?" केंद्र सरकारच्या शालेय दप्तर धोरण २०२० प्रमाणे दुसरीपर्यंत गृहकार्य नसावे, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्यातून जास्तीत जास्त दोन तासांचे असावे. दप्तराचे वजनही पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो आणि तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो एवढेच सांगितले आहे. म्हणजे वही कोरी दिसली, तर अभ्यास झाला नाही असे समजू नका. मुलाला विचारा, "आज कोणती गोष्ट ऐकलीस? मला सांग." सांगता आली, तर शिकणे झाले.

"इतक्या सुट्ट्या, मग शनिवारी शाळा कशाला?" शिक्षणाच्या अधिकाराच्या २००९ च्या कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास ठरवलेले आहेत. गणेशोत्सव, दिवाळी, रंगपंचमी ही सर्व सांभाळून तो हिशेब पुरा करावा लागतो.

"पाचवीत नापास करतात का?" २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीच्या परीक्षेचा अधिकार राज्यांना मिळाला. आपल्या मध्य प्रदेशात या दोन वर्गांच्या वार्षिक परीक्षा पुन्हा बोर्ड पॅटर्नवर होऊ लागल्या आहेत. जे मूल मागे राहते, त्याला निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावीच लागते. म्हणून पाचवीच्या पालकांनी निकालापर्यंत थांबू नये, दिवाळीपूर्वीच येऊन भेटावे.

पालकसभा ही शाळेची मेहरबानी नाही. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे त्यातले एक आहे. पण सभेत पुष्कळ पालक एवढेच विचारतात, "कसा आहे आमचा मुलगा?" आम्ही म्हणतो, "ठीक आहे." दोघेही समाधानाने घरी जातात, आणि कळलेले काहीच नसते. त्यापेक्षा विचारावे, वाचताना तो कुठे अडतो? मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतो? डबा संपवतो का? वर्गात प्रश्न विचारतो का? याची उत्तरे शिक्षिकेला द्यावीच लागतात, आणि उत्तर येत नसेल तर तिलाही कळते की या मुलाकडे आपले लक्ष कमी पडले.

शेवटी, आम्हाला आपल्याकडून काय हवे, ते सांगते. तिसरीतली एक मुलगी फळ्यावरून चुकीचे उतरवत असे. शिक्षिकेला वाटले, लक्ष नाही. तिची आई घरी रागवत असे, कारण मुलगी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसायची. अर्धी गोष्ट शाळेजवळ होती, अर्धी घराजवळ. पालकसभेत सहज बोलता बोलता दोन्ही जुळल्या, डोळे तपासले आणि चष्मा लागला. तोपर्यंत तीन महिने त्या मुलीने दोन्हीकडची बोलणी खाल्ली होती. तिचा दोष काहीच नव्हता.

म्हणून मुलाची झोप, आजार, औषध, घरातले दुःख, धाकट्या भावंडाचे आगमन, वडिलांची बदली, जे मुलाच्या मनावर परिणाम करू शकते, ते दोन ओळींत तरी कळवा. ते वर्गशिक्षिकेजवळच राहील. शाळेत जंतनाशक गोळीचा दिवस असतो, तेव्हाही मूल आजारी असेल किंवा दुसरे औषध चालू असेल, तर आधी सांगा, म्हणजे गोळी त्या दिवशी दिली जाणार नाही.

या अंकासोबत एक चिठ्ठी जोडली आहे. तीत दोन मोबाइल नंबर लिहावेत, त्यातला एक मुलाला न्यायला येणाऱ्या व्यक्तीचा असावा. घरी मराठी वाचणे सोपे की हिंदी, तेही लिहावे. आजी-आजोबा नेत असतील तर त्यांना ही चिठ्ठी जरूर वाचून दाखवा. पुढच्या शनिवारपर्यंत ती परत पाठवावी, ही विनंती.

आणि माझ्या सूचनेतला एखादा शब्द अडला, तर आजींसारखे मोकळेपणाने विचारा. मला आनंदच होईल. त्या पायरीवर पुन्हा कोणतेही मूल एकटे बसलेले मला पाहायचे नाही.

आपली,
मुख्याध्यापिका