इंदापूरची पहार आणि करखात्याचा संगणक

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या खाली ‘आकार’ असा एक शब्द असतो आणि त्यापुढे काही रुपये, काही पैसे. बारामती-इंदापूरकडच्या मुलांनी हा उतारा घरी अनेकदा पाहिलेला असतो. हा आकडा कोणी काढला, कसा काढला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. करखात्यात गणित आणि संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला काय काम असते, हे समजून घ्यायला या आकड्याइतके जवळचे उदाहरण सापडणार नाही. मुंबई इलाख्यात या कामाचा पाया इंदापूर तालुक्यातच घातला गेला. पहिला प्रयत्न मात्र पार फसला होता.

पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर कंपनी सरकारला शेतसारा नव्याने ठरवायचा होता. हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. इंग्लंडमधील हेलीबरी कॉलेजात तो माल्थसचा विद्यार्थी होता. लोकसंख्येच्या सिद्धांतामुळे आपल्याला माहीत असलेला तोच माल्थस. प्रिंगलची योजना कागदावर निर्दोष होती. प्रत्येक शेत मोजायचे, मातीची प्रत ठरवायची, त्या प्रतीच्या जमिनीत किती पीक येते ते पाहायचे, त्यातून बी-बियाणे, बैल, मजुरी यांचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे.

अडचण कोठे आली? खर्च आणि उत्पन्न हे दोन्ही आकडे नक्की कोणालाच ठाऊक नव्हते. एकाच शेतात एका वर्षी दहा पोती ज्वारी होते आणि पुढच्या वर्षी पेरलेले बीसुद्धा परत येत नाही. इंदापूर तर अवर्षणाचा मुलूख. त्यात हाताखालच्या नोकरांनी लाच घेऊन हलकी जमीन भारी आणि भारी जमीन हलकी लिहिली. चुकीच्या नोंदींवर केलेले गणित कितीही अचूक असले तरी उत्तर चूकच येणार. १८३० च्या सुमारास ही आकारणी लागू झाली तेव्हा धान्याचे भावही उतरलेले होते. सारा वसूल करताना रयतेचा छळ झाला, शेते ओस पडली, माणसे गाव सोडून गेली.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा इंजिनिअर यांनी इंदापुरात फेरतपासणी सुरू केली. मला त्यांची खरी हुशारी यात दिसते, की त्यांनी एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले. एका शेतापेक्षा दुसरे शेत किती चांगले, हा पहिला. आणि एकूण तालुक्यावर किती भार टाकावा, हा दुसरा. पहिला मोजून सुटतो. दुसरा मोजून सुटत नाही. त्यासाठी मागील अनेक वर्षांची लागवड, मागणी, प्रत्यक्ष वसुली आणि दिलेली सूट यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून, पाऊस आणि बाजार पाहून अंदाज बांधावा लागतो.

पहिल्या प्रश्नाची रीत वर्गात करून पाहण्यासारखी आहे. शेताचे सारखे भाग पाडीत. प्रत्येक भागात पहार घालून मातीची खोली पाहत. पावणेदोन हात खोल, उत्तम काळी जमीन म्हणजे सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा, सव्वा हात असेल तर बारा, एक हात असेल तर दहा. चुनखडी, वाळू, उतार, उपळट असा दोष आढळला की प्रत एकेक पायरी खाली. समजा, दहा एकरांच्या शेताच्या चार भागांना १२, १०, १० आणि ६ आणे मिळाले. सरासरी साडेनऊ आणे. सोळा आणे जमिनीचा दर एकरी एक रुपया धरला, तर या शेताचा सारा ९५ आणे, म्हणजे ५ रुपये १५ आणे. यात नमुना घेणे आहे, सरासरी आहे आणि प्रमाणही आहे. शिवाय कारकुनांनी लावलेल्या प्रतीपैकी काही शेते वरिष्ठ अधिकारी स्वतः पुन्हा तपासत. ही दुसरी नजर प्रिंगलच्या कामात कमी पडली होती.

नवा सारा हलका होता आणि तीस वर्षे न वाढण्याची हमी होती. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत इलाखाभर नेली.

तीस वर्षांची मुदत संपली तेव्हा फेरआकारणी झाली आणि इंदापूरचा सारा बराच वाढवला गेला. रेल्वे आली होती, भाव चढले होते. पण अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाला आलेली तेजी टिकणारी नव्हती. तेजीतले भाव पायाला धरले की मंदीत हिशेब कोसळतो. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दंग्याचे मुख्य कारण कर्ज होते. त्यात वाढीव साऱ्याचा वाटा किती, यावर तेव्हापासून वाद आहे.

आता पहारीच्या जागी संगणक आला आहे, तरी कामाची जात तीच. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असते, म्हणून दुसरीकडची कमाई शेतीची म्हणून दाखवण्याचा मोह होतो. समजा, कोणी दोन एकर उसातून चाळीस लाख रुपये मिळाल्याचे लिहिले. एकरी ५० टन आणि टनाला ३,००० रुपये धरले तरी हिशेब ३ लाखांवर जातो. विश्लेषक सातबारा आणि साखर कारखान्याची ऊसबिले पडताळून पाहतो. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आला. त्यात विक्रेत्याने दाखवलेले बिल आणि खरेदीदाराने मागितलेली वजावट यांची जोडी जुळवली जाते. मालवाहतुकीच्या परवान्यावर वीस टन सिमेंट आणि वाहनाचा क्रमांक मोटारसायकलचा, अशी नोंद सापडली की ती बाजूला काढायची. अशा कामासाठी केंद्राने २०१७ मध्येच विश्लेषण व जोखीम व्यवस्थापनाचे स्वतंत्र महासंचालनालय स्थापन केले.

पण संगणकाने बाजूला काढलेली प्रत्येक नोंद लबाडीची नसते. क्रमांक लिहिताना चूक झालेली असते, वडिलांच्या नावावरची जमीन मुलगा कसत असतो. नोटीस मात्र खऱ्याखुऱ्या माणसाच्या घरी जाते. म्हणून नियम बसवणाऱ्याला संख्याशास्त्राइतकेच ऊस, ट्रक आणि दुकान कसे चालते हेही ठाऊक असावे लागते. इंदापूरच्या मुलाला यात मुंबईच्या मुलापेक्षा थोडे झुकते माप आहे, असे म्हटले तर चूक होऊ नये.

या क्षेत्रात शिरायच्या वाटा अशा. राज्य कर निरीक्षकाची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोग करतो, प्राप्तिकर निरीक्षकाची कर्मचारी निवड आयोग. दोन्हींना कोणत्याही शाखेची पदवी चालते. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो आणि तिला संख्याशास्त्र शिकलेले असावे लागते. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालयही आहे. बारावीनंतर संख्याशास्त्र घेणारी मुले ग्रामीण महाविद्यालयांत कमी दिसतात. हा विषय आहे हेच त्यांना सांगितलेले नसते.

वर्गासाठी एक काम सुचवतो. मुलांना घरचे सातबारे आणायला सांगा. प्रत्येकाचा आकार क्षेत्राने भागा आणि जमिनीच्या खोलीशी ताडून पाहा. काही ठिकाणी मेळ बसेल, काही ठिकाणी अजिबात बसणार नाही. भरघोस उसाच्या शेताचा आकार अगदी किरकोळ निघेल. तेथे मुलांना विचारा, या रानाला पाणी कोठून येते? नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात १८८५ च्या सुमारास आले. विंगेटच्या माणसांनी पहार मारली ती त्याच्या पन्नास वर्षे आधी.