सावकाश धांवणारांची शर्यत

रस्त्यावरून होणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतींसंबंधीं एक प्रश्न नेहमीं विचारण्यांत येतो. ज्यांना पहिला, दहावा किंवा शंभरावाहि क्रमांक मिळण्याचा संभव नाहीं, असे कारकून, वकील, शिक्षक, गृहिणी आणि सेवानिवृत्त गृहस्थ पहाटे उठून व पदरचे पैसे भरून ४२ किलोमीटर धांवण्यासाठीं कां जमतात? क्रिकेटच्या सामन्यांत प्रेक्षकाच्या हातीं कोणी बॅट देत नाहीं. कुस्तीच्या आखाड्यांत नामांकित मल्लाशीं हौसेखातर कोणी हात मिळवीत नाहीं. रस्त्यावरील शर्यतीची रीत मात्र निराळी आहे. तेथें त्याच दिवशीं, त्याच रस्त्यावर, परदेशाहून आलेला नामांकित धांवणारा आणि आपल्या शेजारच्या बिऱ्हाडांतील गृहस्थ हे दोघेहि धांवतात. पहिला सव्वादोन तासांच्या आंत आपलें काम उरकतो. दुसऱ्याला पांच-सहा तास लागतात. अंतर दोघांनाहि तेंच कापावें लागतें. दुसऱ्याच्या डोक्यावर सूर्य मात्र अधिक वेळ तळपतो.

या मागून येणाऱ्या मंडळीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी स्वतः त्यांच्यांतलाच एक आहें. तेव्हां विजेत्यांच्या पराक्रमाचें वर्णन माझ्याकडून होण्यासारखें नाहीं. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच कीं, हौशी धांवणाराची खरी चुरस स्वतःच्या उतावळेपणाशीं असते. पहिल्या तासांत जो स्वतःला आवरतो, तोच पांचव्या तासांत पायांवर धड उभा राहतो. या म्हणण्याच्या मागें शरीरशास्त्राचा रोखठोक हिशेब आहे, आणि तो न जाणणाराला केव्हां केव्हां फार जबर किंमत द्यावी लागते.

प्रथम या अंतराची हकीकत पाहूं. मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सला धांवत आला आणि ती सांगतांच गतप्राण झाला, अशी ग्रीक लोकांची जुनी कथा आहे. तिच्यावरून १८९६ सालीं अथेन्स येथें भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉनची शर्यत योजण्यांत आली, आणि ती स्पिरिडॉन लुई नांवाच्या एका ग्रीक पाणक्यानें जिंकली. त्या वेळीं अंतर सुमारें ४० किलोमीटर होतें. १९०८ सालीं लंडनच्या सामन्यांत शर्यतीचा आरंभ विंडसरच्या राजवाड्यापाशीं आणि शेवट क्रीडांगणांत राजघराण्याच्या आसनांसमोर ठेवण्यांत आला. त्यामुळें अंतर २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर भरलें. १९२१ सालीं तेंच प्रमाण म्हणून ठरलें, आणि आजहि जगभर तेंच चालतें.

लंडनच्या त्या शर्यतींत घडलेला एक प्रसंग पुढील विवेचनास उपयोगी पडेल. डोरांडो पिएत्री हा इटालियन सर्वांच्या आधीं क्रीडांगणांत शिरला. परंतु त्याची शक्ति इतकी सरली होती कीं, तो भलत्याच दिशेस वळला, पुनः पुनः कोसळला, आणि अखेर अधिकाऱ्यांच्या हाताच्या आधारानें कसाबसा शेवटच्या रेषेपार गेला. त्या मदतीमुळें तो बाद ठरला व मागून आलेला अमेरिकन जॉनी हेझ विजयी झाला.

आपल्याकडील माणूसहि या शर्यतींत फार लवकर उतरला. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकसाठीं सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें जे खेळाडू गेले, त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे होते. त्या वर्षीं अंतर नेहमींपेक्षां अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होतें. चौगुले यांनीं तें २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत कापून १९ वा क्रमांक मिळविला.

चौगुल्यांच्या काळीं अशा शर्यतींत मोजकीच माणसें धांवत. सामान्य गृहस्थांचा शिरकाव फार उशिरां झाला. स्त्रियांना तर ऑलिंपिकमधील मॅरेथॉन १९८४ सालपर्यंत मोकळीच नव्हती. आतां मात्र चित्र पालटलें आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं सुरू झाली, मुंबईची २००४ सालीं. सातारला यवतेश्वराच्या घाटांतून अर्ध्या मॅरेथॉनची शर्यत होते. जिला पूर्ण अंतर झेपणार नाहीं अशा व्यक्तीसाठीं २१ किलोमीटरांची, १० किलोमीटरांची, आणि त्याहूनहि लहान पल्ल्याची सोय बहुतेक ठिकाणीं असते.

मुंबईच्या पूर्ण शर्यतीचा आरंभ छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपाशीं पहाटेच्या अंधारांत होतो. हजारों माणसें खांद्याला खांदा लावून उभीं असतात. प्रत्येकाच्या छातीवर क्रमांकाचा कागद लावलेला असतो, आणि त्या कागदाच्या पाठीशीं किंवा बुटाच्या नाडीला एक चिमुकली चकती असते. रस्त्यावर अंथरलेल्या पट्टीवरून धांवणारा गेला कीं, ती चकती आपली ओळख यंत्राला पटविते आणि वेळेची नोंद होते. त्यामुळें गर्दीच्या अगदीं मागें उभ्या असलेल्या माणसाचाहि वेळ तो स्वतः आरंभरेषा ओलांडील तेव्हांपासून मोजतां येतो. ही सोय दिसण्यांत लहान आहे. परंतु हौशी माणसाला पुढें घुसण्याचें कारणच तिच्यामुळें उरत नाहीं.

खरी परीक्षा येथूनच सुरू होते. शर्यतीपूर्वीं दोन-तीन आठवडे सराव कमी केलेला असल्यामुळें पाय ताजेतवाने असतात. हवा थंड, समोर मरीन ड्राइव्हचा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना टाळ्या, आणि अंगांत उत्तेजनाचा संचार! श्वास लागत नाहीं, घाम येत नाहीं. आज आपल्याला पंखच फुटले आहेत असें वाटतें. ज्या वेगाला सरावाच्या दिवशीं धाप लागत असे, तो वेग आज सहज साधतो. हा भ्रम प्रत्येक शर्यतींत होतो, आणि अनुभवी माणसालाहि होतो. फरक इतकाच कीं, अनुभवी माणूस घड्याळाकडे पाहून वेग उतरवितो.

याचा हिशेब सोपा आहे. पांच तासांत शर्यत पुरी करावयाची असेल, तर दर किलोमीटरला सुमारें ७ मिनिटें पडतात. समजा, उत्साहाच्या भरांत एखाद्यानें पहिले १० किलोमीटर ६ मिनिटांच्या वेगानें काढले, तर त्याचीं १० मिनिटें वांचलीं. परंतु त्या उधळपट्टीमुळें शेवटचे १२ किलोमीटर १० मिनिटांच्या रडतखडत चालीनें काढावे लागले, तर ३६ मिनिटें गेलीं. दहा मिनिटांच्या नफ्यासाठीं छत्तीस मिनिटांचा तोटा, असला व्यवहार कोणताहि शहाणा गृहस्थ बाजारांत करणार नाहीं. रस्त्यावर मात्र तो दरवर्षीं असंख्य माणसें करतात.

हा तोटा कां होतो हें समजण्यासाठीं शरीराची शिदोरी पाहिली पाहिजे. धांवणाऱ्या माणसाला दर किलोमीटरला, त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागें, ढोबळ मानानें एक उष्मांक लागतो. ६० किलो वजनाच्या माणसाला पूर्ण अंतरासाठीं सुमारें २५०० उष्मांक हवेत. आपण खाल्लेल्या भात-पोळीची साखर होऊन तिचा एक भाग स्नायूंत व यकृतांत ग्लायकोजेनच्या रूपानें सांठविला जातो. हा सांठा पोटभर जेवून विश्रांति घेतलेल्या माणसांतहि साधारणपणें २००० उष्मांकांच्या आसपास असतो. बाकीची भर चरबींतून पडते. चरबीचें कोठार कृश माणसाकडेहि भरपूर असतें. परंतु तें सावकाश उघडतें. वेग जितका अधिक, तितकें शरीर साखरेवर अधिक अवलंबून राहतें. वेग बेताचा असेल तर चरबीचा वांटा वाढतो आणि साखर पुरवून पुरवून वापरली जाते. म्हणजे आरंभींची घाई ही नुसत्या दमाची उधळण नव्हे. ती मोजक्या शिदोरींतील न भरून येणारी खर्ची आहे. वाटेंत केळें, खजूर, गूळ किंवा साखरेचें पेय थोडें थोडें घेत राहिल्यास कांहीं भर पडते. सर्व तूट मात्र भरून निघत नाहीं.

ही शिदोरी बहुधा ३० व्या किलोमीटरनंतर संपूं लागते. तेव्हांचा अनुभव विलक्षण असतो. दुखणें असें एका जागीं नसतें. पाय आपले नव्हेतच असें वाटतें. साधी बेरीज जमत नाहीं, क्षुल्लक गोष्टीचा राग येतो, क्वचित् डोळ्यांत पाणी उभें राहतें. मेंदूलाहि साखरच लागत असल्यामुळें मनाची ही अवस्था होते. तिच्यांत मनाच्या दुबळेपणाचा भाग थोडा असतो. मुंबईच्या बहुतेक वर्षांच्या मार्गांत पेडर रोडची चढण परतीच्या वाटेवर, ३५ व्या किलोमीटरच्या सुमारास येत असे. जातांना जिच्याकडे लक्षहि गेलें नव्हतें, ती चढण येतांना घाटासारखी भासते. येथें चालत जाण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. पुष्कळ माणसें चढावर चालतात व उतारावर पुनः धांवूं लागतात.

दुसरा हिशेब उष्णतेचा. धांवतांना खर्च होणाऱ्या शक्तीचा सुमारें चतुर्थांशच भाग गतीच्या कामीं येतो. बाकीचा उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतो. ती घालविण्याचा मुख्य उपाय म्हणजे घाम वाळणें. मुंबईच्या दमट हवेंत घाम वाळण्याऐवजीं ठिबकून जातो, आणि ठिबकलेला घाम शरीराला गारवा देत नाहीं. म्हणून ज्या वेगानें माणूस पांचगणीच्या थंडींत सहज धांवेल, त्या वेगानें समुद्रकांठीं धांवण्याचा हट्ट धरणें धोक्याचें आहे. कोणी झोकांड्या खाऊं लागला, असंबद्ध बोलूं लागला, पिएत्रीप्रमाणें भलतीकडे वळूं लागला, तर तो दमला आहे असें समजून त्याला पुढें ढकलूं नये. त्याला सावलींत घेऊन तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत बर्फानें किंवा गार पाण्यानें त्याचें अंग थंड करावें. अशा वेळीं मिनिटांवर प्राण अवलंबून असतो.

उष्णतेचें भय ऐकून पुष्कळजण प्रत्येक टेबलापाशीं थांबून पोटभर पाणी पितात. यांतहि एक संकट आहे, आणि तें विशेषतः आम्हां सावकाश धांवणारांवर येतें. घामाबरोबर मीठहि जातें. वर नुसतें पाणी प्रमाणाबाहेर प्यालें, तर रक्तांतील सोडिअमचें प्रमाण घसरतें, मेंदूला सूज येते आणि प्रसंगीं मृत्यु ओढवतो. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्यें अशा रीतीनें एक तरुण स्त्री मरण पावली. त्याच शर्यतीच्या शेवटीं ४८८ धांवणारांचें रक्त तपासण्यांत आलें, तेव्हां १३ टक्के माणसांत सोडिअम वाजवीहून कमी आढळलें. धांवतांना ज्यांचें वजन घटण्याऐवजीं वाढलें होतें, आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला होता, त्यांच्यांत हा दोष विशेष दिसला. त्वरेनें धांवणाराला पाणी पिण्यास सवडच थोडी असते. सावकाश जाणाराला सवड फार आणि घाम त्या मानानें कमी. तेव्हां तहान लागेल तसें प्यावें, हाच नियम सर्वांत सुरक्षित आहे.

एवढ्या जोखमीचें काम असेल तर तें करावेंच कशाला, असें कोणी म्हणेल. त्यावर उत्तर असें कीं, जोखीम पूर्वतयारीनें पुष्कळच कमी होते, आणि शर्यतीचा खरा लाभ त्या पूर्वतयारींतच आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनीं, किंवा ज्यांना मधुमेह, रक्तदाब अथवा हृदयविकार आहे त्यांनीं, आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आरंभ भरभर चालण्यापासून करावा. मग दोन मिनिटें धांवणें व दोन मिनिटें चालणें, असें क्रमाक्रमानें वाढवावें. येथेंहि उतावळेपणाच आडवा येतो. हृदय व फुप्फुसें कांहीं आठवड्यांतच सुधारतात. हाडें आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. दम पुरतो म्हणून अंतर वाढविणारा माणूस गुडघा किंवा पोटरी धरून घरीं बसतो. शर्यतीच्या दिवशीं नवे बूट घालूं नयेत व नवा पदार्थ खाऊं नये. छातींत कळ आली किंवा चक्कर आली तर तेथेंच थांबावें. पदक पुढच्या वर्षींहि मिळतें.

या तयारीनें घरांतील दिनक्रमच बदलतो. रात्रीं वेळेवर झोंप, पहाटे उठणें, जेवणांत नेमस्तपणा, रविवारीं लांबची धांव, हें सहा महिने पाळणाराला शर्यतीच्या आधींच बरेंचसें मिळालेलें असतें. राहिलेला भाग शेवटच्या कांहीं किलोमीटरांत मिळतो. तेथें पुढें-मागें धांवणारे परस्परांचे प्रतिस्पर्धी उरत नाहींत. अनोळखी माणूस मिठाची पुडी पुढें करतो, कॉलेजांतील मुलगी आपल्या वडिलांच्या वयाच्या गृहस्थाला दोन शब्द बोलून चालतें करते, पदपथावरील आजीबाई संत्र्याची फोड हातावर ठेवतात. संयमानें आलेल्या माणसाला हें सर्व पाहण्याइतकें भान उरलेलें असतें, हेंच त्याच्या संयमाचें बक्षीस.

श्रोत्यांपैकीं बहुतेकांना धांवावयाचें नसेल. त्यांना एकच विनंति आहे. मुंबईची शर्यत सामान्यतः जानेवारींतील तिसऱ्या रविवारीं असते. तिचा मार्ग आपल्या दारावरून जात असेल, तर पुढची मंडळी गेल्यावर लगेच घरांत परतूं नये. त्यांच्यामागून दोन-तीन तासांनीं, ऊन चढल्यावर, रस्ता पुनः मोटारींना खुला होण्याच्या सुमारास, शेवटचीं माणसें येत असतात. टाळ्यांची गरज त्यांना सर्वांत अधिक असते, आणि त्या वेळीं वाजविणारे हात सर्वांत कमी असतात.