उत्तरेचा संकेत, दक्षिणेचे ऊन : सौर-रेडिओ घड्याळाविषयीचे काही गैरसमज

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत, कोणी जपानचा प्रवास करून आला असता किंवा सिंगापूरच्या विमानतळावर दोन घटका मोकळ्या मिळाल्या असता, जी वस्तू मोठ्या हौसेने खरेदी केली जाते आणि घरी आल्यावर जिच्याविषयी नाना प्रकारच्या चुकीच्या समजुती बाळगल्या जातात, ती वस्तू म्हणजे उजेडावर चालणारे आणि रेडिओच्या संकेतावरून आपली वेळ आपणच दुरुस्त करणारे मनगटी घड्याळ होय. सिडनीत राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या मनगटावरही असे एक घड्याळ कित्येक वर्षे आहे. ते विकताना दुकानदाराने, याला जन्मात हात लावण्याचे कारण पडणार नाही, अशी ग्वाही दिली होती. परंतु पुढे एप्रिलच्या पहिल्या रविवारी, गुढीपाडव्याच्या समारंभाला निघालो असता, सभागृहाचे दार बंद आणि आवारात चिटपाखरू नाही असे आढळले, कारण आदल्या रात्री उन्हाळी वेळेचा अंमल संपून सर्व राज्याची घड्याळे एक तास मागे गेली होती आणि माझे तेवढे जुन्याच वेळेला चिकटून होते. त्या दिवसापासून या विषयाचा जो शोध घेतला, त्याचे फलित येथे मांडीत आहे.

पहिला आणि सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा की, वेळेचा रेडिओ-संकेत हा वाऱ्याप्रमाणे सर्वत्र वाहत असतो आणि घड्याळाने तो कोठेही टिपावा. वस्तुस्थिती अशी की, ही घड्याळे ज्या दीर्घ लहरींचे संकेत ऐकतात, ते प्रक्षेपित करणारी केंद्रे जगात बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. जपानात फुकुशिमा प्रांतातील ओताकादोया पर्वतावरून ४० किलोहर्ट्झवर आणि क्यूशू बेटावरील हागाने पर्वतावरून ६० किलोहर्ट्झवर, अमेरिकेत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सहून ६० वर, इंग्लंडच्या वायव्येस अँथॉर्नहून ६० वरच, जर्मनीत फ्रँकफुर्टनजीकच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ वर आणि चीनमधील शांगच्यू येथून ६८.५ वर हे संकेत निघतात. आणि घड्याळाच्या तबकडीवर 'सहा पट्ट्या' म्हणून जे अभिमानाने छापलेले असते ते या सहा केंद्रांनाच उद्देशून असते. या यादीत ऑस्ट्रेलिया नाही, न्यूझीलंड नाही आणि आपला भारतही नाही. म्हणजे जे घड्याळ सिडनीत बहिरे ठरते, तेच पुण्याला भावाकडे भेट म्हणून पाठविले तरी तेथेही बहिरेच राहणार.

ही केंद्रे किती दूरवर ऐकू जातात, याचे दाखले निर्मात्यांच्या माहितीपुस्तिकांतच मिळतात. जपानी केंद्रांची हद्द साधारणतः १,००० किलोमीटर आणि कोलोरॅडोच्या केंद्राची ३,००० किलोमीटर सांगितलेली असते. उलट आपल्या खंडाच्या उत्तर टोकावरील डार्विनहूनही या जपानी केंद्रांचे अंतर ५,००० किलोमीटरांपेक्षा अधिक भरते आणि सिडनीहून टोकिओ सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. तथापि दीर्घ लहरींचा एक गुणधर्म येथे ध्यानी घेतला पाहिजे. ४० किलोहर्ट्झची एक लहर साडेसात किलोमीटर लांबीची असते. दिवसा ती मुख्यतः भूपृष्ठाला धरून जाते, परंतु रात्री वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबर तिला अधिक चांगल्या रीतीने परावर्तित करते आणि मग ती आपल्या नेमस्त हद्दीच्या फार पलीकडे पोहोचते. म्हणूनच या घड्याळांची ग्रहणाची वेळ मध्यरात्रीनंतर ठेवलेली असते, आणि म्हणूनच ऑस्ट्रेलियातील काही हौशी लोक, एखाद्या शांत रात्री, विजेच्या उपकरणांपासून दूर, खिडकीत ठेवलेल्या घड्याळाने जपानचा संकेत पकडल्याचे सांगतात. जपान आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. ओताकादोया पर्वत आणि ॲडलेड शहर यांच्या रेखांशांत अवघ्या दोन-अडीच अंशांचा फरक आहे. तरी असा योग हा योगच समजावा. त्याला हक्क समजून त्यावर विसंबू नये.

शिवाय येथे आणखी एक अडचण आहे, जी पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. घड्याळाचे गृहनगर सिडनी असे ठरविले की बहुतेक घड्याळे संकेत शोधण्याचा प्रयत्नसुद्धा करीत नाहीत, कारण या नगराला कोणतेच केंद्र नेमून दिलेले नाही हे त्यांच्या स्मरणात आधीच नोंदलेले असते. प्रयत्न करवायचा तर गृहनगर टोकिओ ठेवावे लागते, आणि मग तबकडीवर जपानची वेळ, म्हणजे सिडनीच्या प्रमाणवेळेहून एक तास व ॲडलेडच्या वेळेहून अर्धा तास मागची वेळ, दिसू लागते. संकेत मिळाला तरी तो जपानच्या वेळेचा. जपानात उन्हाळी वेळेची प्रथाच नाही, तेव्हा न्यू साउथ वेल्सच्या कायद्याचे एक अक्षरही त्या संकेतात असण्याचे कारण नाही.

येथे कोणी जुना रहिवासी विचारील की, ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा वेळ-संकेत होता ना? होता, आणि त्याची आठवण ठेवणे हे मला कर्तव्य वाटते. घटिकापात्र बुडाले की उपाध्याय मंगलाष्टके थांबवीत, त्याच न्यायाने १८५८ सालापासून सिडनीच्या वेधशाळेवरील कालगोल दुपारी एक वाजता खाली पडे आणि बंदरातील जहाजांचे कप्तान त्यावरून आपली घड्याळे मिळवीत. पुढे १९६४ साली व्हिक्टोरियातील लिंडहर्स्ट येथून 'व्हीएनजी' या नावाचे केंद्र लघुलहरींवर अहोरात्र सेकंदाचे ठोके प्रक्षेपित करू लागले. १९८७ साली तेथील प्रक्षेपण थांबविण्यात आले, तेव्हा भूमापक, भूकंपशास्त्रज्ञ अशा ज्यांचे काम त्यावाचून अडत होते त्यांच्या निकडीमुळे ते सिडनीजवळच्या लँडिलो येथून पुन्हा सुरू झाले, आणि अखेरीस ३१ डिसेंबर २००२ रोजी कायमचे मिटले. दूरध्वनीवर ११९४ हा क्रमांक फिरवून ऐकू येणारी वेळही ३० सप्टेंबर २०१९ रोजी बंद झाली. एवढ्या विस्तीर्ण खंडाने, जेथे शेकडो मैल दूरध्वनीचा मनोरा दिसत नाही, आपला वेळेचा जाहीर आवाज असा मूक होऊ द्यावा हे मला आजही खटकते. परंतु म्हणून 'व्हीएनजी चालू असते तर माझे घड्याळ आपोआप लागले असते' असे जे म्हटले जाते ते मात्र चूक आहे. ते केंद्र मेगाहर्ट्झच्या लघुलहरींवर बोलत असे आणि मनगटी घड्याळातील फेराइटची चिमुकली दांडी ४० ते ८० किलोहर्ट्झच्या पट्ट्यापलीकडचे काही ऐकतच नाही.

जाहिरातींत या घड्याळाला 'आण्विक' म्हणण्याची जी चाल पडली आहे, तिने दुहेरी घोटाळा केला आहे. काहींना वाटते की मनगटावर एक अणुघड्याळच आहे, आणि काहींना, विशेषतः घरातील वृद्धांना, किरणोत्साराची धास्ती वाटते. दोन्ही निराधार. सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० स्पंदनांवर १९६७ साली बांधण्यात आली आणि त्यावर चालणारी अणुघड्याळे प्रक्षेपण केंद्रांना वेळ पुरवितात. आपल्या मनगटावर असतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा साधा क्वार्ट्झचा स्फटिक. रेडिओच्या बाबतीत हे यंत्र केवळ श्रोता आहे, वक्ता नव्हे. ते लहरी घेते, सोडीत नाही. जुन्या काळी काट्यांना रेडियमचा लेप देत, त्याच्याशी याचा काडीमात्र संबंध नाही.

मग संकेत न मिळणारे घड्याळ निरुपयोगी काय? मुळीच नव्हे, आणि हा गैरसमज दूर करणे मला सर्वांत अगत्याचे वाटते. संकेताविना चालताना महिन्याला पंधरा सेकंदांपर्यंत चूक होऊ शकते, असे निर्माते कबूल करतात. आपल्या जुन्या कालमापनात एक पळ म्हणजे चोवीस सेकंद. म्हणजे संपूर्ण महिन्याची कमाल चूक एका पळाच्याही आत राहते. त्यातही एक बारकावा आहे. हा स्फटिक साधारणतः २५ अंश सेल्सिअसला अचूक चालतो आणि तापमान त्याहून वर गेले काय किंवा खाली गेले काय, दोन्ही वेळा तो मंदावतो. दहा अंशांचा फरक पडला तर दिवसाला सेकंदाच्या सुमारे तीन-दशांश भागाने. मनगटाच्या उबेत राहणारे घड्याळ त्यामुळे थंड फडताळात पडलेल्या घड्याळापेक्षा अधिक इमानाने चालते. रोज वापरावे, हाच त्याला नेमका ठेवण्याचा सोपा उपाय.

आता उन्हाची बाजू. येथे मात्र ऑस्ट्रेलियासारखा देश शोधून सापडणार नाही. गैरसमज असा की, घड्याळ तासन् तास प्रखर उन्हात तापवावे लागते, आणि या समजुतीपायी कित्येकजण ते मोटारीच्या काचेखाली ठेवून जातात, जेथे जानेवारीच्या दुपारी उष्णता इतकी चढते की आतील पुनर्भारित घटाला आणि रबरी जोडांना कायमची इजा पोहोचू शकते. वस्तुतः घटाला हवा असतो उजेड, ताप नव्हे. कॅसिओच्या अनेक घड्याळांच्या पुस्तिकेप्रमाणे एका दिवसाच्या चालीपुरता भार बाहेरच्या उन्हात पाच मिनिटांत, उन्हाच्या खिडकीत चोवीस मिनिटांत, ढगाळ दिवशी खिडकीत अठ्ठेचाळीस मिनिटांत भरतो. परंतु कचेरीतील दिव्यांच्या उजेडात त्याला आठ तास लागतात. चोवीस मिनिटे म्हणजे नेमकी एक घटिका. होबार्ट किंवा मेलबर्नच्या हिवाळ्यात, लांब बाह्यांच्या लोकरी अंगरख्याखाली झाकलेले घड्याळ आणि दिवसभर दिव्याखालचे काम असा क्रम महिनोन् महिने चालला तर भार खरोखरच ओसरतो, तेव्हा आठवड्यातून एकदा सुट्टीच्या सकाळी ते खिडकीत ठेवावे. आणि ती खिडकी दक्षिणेची नसावी, कारण या गोलार्धात सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो, हे नव्याने आलेला आपला माणूस पहिल्या वर्षी हमखास विसरतो.

अंधारात ठेवलेल्या घड्याळाची तबकडी कोरी झाली अथवा काटा थांबला, म्हणजे ते मेले असे समजून दुरुस्तीला धावणारेही आहेत. ते निद्रेत गेलेले असते. अंतःस्थ गणना चालूच राहते आणि उजेड लागताच काटे आपली जागा घेतात. घट मात्र अमर नाही. तो अनेक वर्षे टिकतो आणि केव्हातरी बदलावा लागतो.

ज्यांना मनुष्याचा हात न लागता वेळ बरोबर हवीच आहे, त्यांच्यासाठी दुसरे मार्ग निघाले आहेत : उपग्रहांवरून वेळ घेणारी घड्याळे, ज्यांत सेइकोचे सौरशक्तीवर चालणारे अ‍ॅस्ट्रॉन २०१२ साली आले, आणि ब्लूटूथने मोबाइलशी जोडली जाणारी घड्याळे. उपग्रहावरच्या घड्याळाला उघडे आकाश मिळाले म्हणजे ते खंडाच्या मध्यावरील ओसाड प्रदेशातही चालते. परंतु उपग्रह सांगतो ती वैश्विक वेळ, आणि सरकारी वेळेचे नकाशे घड्याळाच्या स्मरणात असावे लागतात. या देशाचे नकाशे सोपे नाहीत. क्वीन्सलँड, नॉर्दर्न टेरिटरी आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया उन्हाळी वेळ पाळीत नाहीत. ब्रोकन हिल हे नगर न्यू साउथ वेल्समध्ये असूनही दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वेळेने चालते. आणि लॉर्ड हाउ बेटावर उन्हाळ्यात घड्याळ एक तास नव्हे, अर्धाच तास पुढे जाते. असल्या तऱ्हा आपले घड्याळ जाणते की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

माझे घड्याळ मी विकले नाही. गृहनगर सिडनी ठेवून रेडिओची आशा सोडून दिली आहे आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहून वर्षातून दोनदा त्याचे सेकंद मिळवितो. सिडनी, मेलबर्न, कॅनबरा, होबार्ट आणि ॲडलेड येथील वाचकांनी ते दोन दिवस कॅलेंडरवर टिपून ठेवावेत : ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनाचे तीन करावयाचे, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे तिनाचे दोन.