चोकची केबल गरम लागते का?

सेल्फ मारला की गाडी घेत नव्हती, आणि धक्का मारला की दहा पावलांत सुरू होत होती. वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. एकदा सुरू झाली की कोल्हापूरहून पन्हाळ्यापर्यंत न कुरकुरता चढायची. बंद केली की मात्र पुन्हा गल्लीतली पोरं गोळा करायची. पहिले आठ दिवस पोरांना मजा वाटली. मग ती मला पाहिलं की पांगायला लागली.

ठिणगी कमी पडतेय, एवढं मला कळत होतं. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी मधली वायर काढायची, तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. वायर पकडायला कोरडी, रबरी मुठीची पक्कड घ्यायची. हातानं धरली तर हजारो व्होल्टचा झटका खांद्यापर्यंत जातो. (मी खाल्लाय.) आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, हेही आधी बघायचं. ठिणगी निळसर पांढरी, जाड आणि ‘टच् टच्’ आवाज करणारी हवी. माझी होती उदबत्तीच्या टोकासारखी, पिवळट-तांबडी, कधी पडणारी, कधी न पडणारी. असली ठिणगी मोकळ्या हवेत कशीबशी उडी मारते, पण सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. तिथे ती मरते.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. आधी चार प्लग बदलले, मग पॉइंट, मग कंडेन्सर, मग कॉइल. नव्या पॉइंटची गॅप फिलर गेजनं ०.४५ मिलिमीटर लावली. पावसाळा होता म्हणून डिस्ट्रिब्यूटरची टोपी आतून-बाहेरून कोरडी पुसली. रात्री अंधारात बॉनेट उघडून टोपीवर कुठे निळे धागे सरपटताना दिसतात का तेही पाहिलं, कारण ओल धरलेल्या किंवा बारीक तडा गेलेल्या टोपीत करंट असाच आडवाटेनं पळतो. काही दिसलं नाही. बॅटरी चांगली, हेडलाइट झक्क, हॉर्न खणखणीत. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टीही मल्टिमीटरनं तपासली. मीटर ‘पीं’ वाजला, म्हणजे जोड शाबूत. खर्च हजारांत गेला आणि ठिणगी जिथल्या तिथे.

शेवटी गाडी धक्क्यावर सुरू करून उद्यमनगरात नेली. तिथले एक मिस्त्री वडिलांपासूनचे. सत्तरी ओलांडली तरी अजून गाडीखाली सरपटत जातात. माझी यादी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“प्लग बदललास, पॉइंट बदललास, कंडेन्सर बदललास, कॉइल बदललीस. आता गाडीच बदलतोस काय?”

मी म्हटलं, “काका, ठिणगीच कमी पडतेय.”

“कधी कमी पडतीय?”

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

त्यांनी डेल्कोची टोपी काढली. डिस्ट्रिब्यूटरला आपल्याकडचे जुने मिस्त्री डेल्को म्हणतात. पॉइंट जुळलेले असतील अशा बेतानं त्यांनी इंजिन हातानं फिरवून ठेवलं, मधल्या वायरचं टोक इंजिनाजवळ धरलं, किल्ली ऑन केली आणि सेल्फ न मारता बारीक स्क्रूड्रायव्हरनं पॉइंट उचकले. फटाक! निळी, जाड ठिणगी. पुन्हा उचकले, पुन्हा तशीच. मी बघत राहिलो. गेल्या पंधरा दिवसांत इतकी तगडी ठिणगी मी पाहिली नव्हती.

पॉइंट जुळलेले असताना बॅटरीचा तीन-चार अँपिअर करंट कॉइलच्या जाड वेढ्यांतून वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व भरतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो आणि ते चुंबकत्व कोसळतं. त्या कोसळण्यातून बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उभे राहतात. तुटताना करंट पॉइंटमध्येच ठिणगी मारून निसटू नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत हे सेकंदाला शंभरदा घडतं. पण सगळ्याचं मूळ त्या पहिल्या करंटात आहे. आत कमी गेला तर बाहेर कमी येणार, कॉइल कितीही नवी असो.

“पॉइंट बरं, कंडेन्सर बरा, कॉइल बरी,” मिस्त्री म्हणाले. “आता सेल्फ मार.” मी मारला. ठिणगी पुन्हा पिवळी.

मग त्यांनी विचारलं, “चोकची केबल गरम लागती काय रं?”

आधी मला वाटलं, थट्टा करतायत. मग आठवलं, बऱ्याचदा सेल्फ मारल्यावर डॅशबोर्डखालून जळका वास यायचा आणि मी तो सेल्फचा समजून सोडून द्यायचो. चार-पाचदा सेल्फ मारला आणि चोकच्या केबलला हात लावला. चहाच्या कपासारखी गरम.

सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. तेवढा करंट बॅटरीतून इंजिनात येतो आणि त्याला परत बॅटरीच्या मायनसकडे जायचं असतं. ती वाट म्हणजे इंजिनाला बॉडीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी. ती खराब झाली की करंट मिळेल त्या वाटेनं पळतो. चोकच्या केबलचं धातूचं वेटोळं कार्बोरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत जातं, मग तीच वायर होते. कॉइलच्या करंटालाही परत जायला हीच पट्टी. सेल्फच्या लोंढ्यापुढे त्याला कोण विचारतो?

इथे एक गंमत सांगायलाच हवी. डेल्को हे नाव ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ या अमेरिकन कंपनीवरून आलं. चार्ल्स केटरिंग यांनी ती १९०९ मध्ये सहकाऱ्यासोबत काढली. बॅटरी-कॉइलची ही ठिणगी त्यांची आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेला विजेचा सेल्फही त्यांचाच. एकाच माणसाची दोन अपत्यं माझ्या गाडीत एका पट्टीवरून भांडत होती.

मिस्त्रींनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर दाबलं, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ बोल्टवर. सेल्फ मारला. आकडा २.३ व्होल्ट. तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. सेल्फ चालू असताना बॅटरी आधीच दहा व्होल्टवर उतरलेली, त्यातून हे गेले, म्हणजे कॉइलच्या वाट्याला पावणेआठ. हेडलाइट झक्क होते, कारण त्यांचा अर्थ थेट बॉडीला, या पट्टीशी त्यांचा संबंधच नाही. धक्का मारताना सेल्फ नसतो, म्हणून कॉइलला पुरेसा करंट. आणि माझा ‘पीं’ वाजणारा मीटर? तो पट्टीतून नखभर करंट सोडून बघत होता. चार शाबूत तारांवरही तो वाजला असता. दीडशे अँपिअरची वाट आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

खात्रीसाठी जंप लीडची काळी वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाला लावली. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू.

पट्टी काढली तेव्हा तांब्याचा हिरवा भुगा हातावर पडला. निम्म्याहून अधिक तारा तुटलेल्या. शिवाय बॉडीकडचा बोल्ट रंगावर बसवलेला. आठ महिन्यांपूर्वी गाडी खालून गंजरोधक काळ्या रंगानं रंगवून घेतली होती. ज्यानं कुणी ते काम केलं, त्यानं बोल्टखालची जागा घासली नव्हती. मीही गाडी चकचकीत दिसते म्हणून खूश होतो. मिस्त्रींनी पॉलिश पेपरनं जागा चांदीसारखी उघडी केली, वेल्डिंगच्या केबलचा हातभर तुकडा कापून दोन्ही टोकांना लग दाबले आणि बोल्ट कसले. वरून ग्रीस. मजुरी विचारली तर म्हणाले, “केबलचं दे.”

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि ती धक्क्यावर घेत असेल, सेल्फवर नाही, तर कॉइल विकत घेण्याआधी एवढं करा: मीटर व्होल्टवर ठेवून बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यामध्ये धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर आधी पाना आणि पॉलिश पेपर काढा. माझी जुनी कॉइल परत गाडीवर चढली आहे. नवी डिकीत पडून आहे.