मागचा पाय हवेत

दोन शर्ट आणि वर स्वेटर चढवून काही पोरं समुद्रकाठच्या नागावच्या रस्त्याने पळत होती. थंडी तर कुठेच नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, रात्री ‘५५ किलो वजनी गटा’ची कबड्डी स्पर्धा आहे, संध्याकाळी वजनं होणार आहेत आणि यांतल्या एकाचं अर्धा किलो जास्त भरतंय. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी गच्च भरणारं नागाव मला ठाऊक होतं. घाम गाळून अर्धा किलो उतरवणारं नागाव नवीन होतं, म्हणून थांबले. पुढे सरावालाही जात राहिले.

मैदान म्हणजे भात कापून मोकळं झालेलं खाचर. माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीने रेषा आखायच्या. हे सगळं तासाभरात उरकतं. उरकत नाही तो वास. ओली माती, पलीकडच्या वाडीत वाळत घातलेली सुपारी आणि या दोन्हींवर मात करणारा, गुडघ्या-घोट्यांना चोळलेला बाम. घरी आल्यावरही तो ओढणीला येत होता.

पोरांना शिकवणारे गृहस्थ दिवसा होमस्टेंची वायरिंग करतात. गाव त्यांना दादा म्हणतं. तरुणपणी ते डावे कोपरारक्षक होते. उजव्या हाताचं मधलं बोट तेव्हाच वाकडं झालं, ते तसंच राहिलं. टेप धरून मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंतचं अंतर ते स्वतः मोजतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. “पावणेचार मीटर,” ते मला म्हणाले. “एवढं जाऊन परत आला की पोरगा चढाईपटू. बाकीचं टीव्हीवाले शिकवतील.”

पावणेचार मीटर म्हणजे चार-पाच पावलं. पण नियम नुसतं तिथवर जा असं म्हणत नाही. समोरच्या कुणाला स्पर्श झाला नसेल, तर चढाई करणाऱ्याने निदान रेषा एकदा तरी ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. आणि ओलांडली असं कधी धरायचं? एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच क्षणी अलीकडे शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागलेला नाही, तेव्हा. थोडक्यात, मागचा पाय हवेत हवा. तीस सेकंदांच्या चढाईत तो क्षण सर्वांत धोक्याचा. चढाई करणारा एका पायावर उभा असतो, आणि कोपरारक्षक नेमकी त्याचीच वाट बघत असतो. दादांनी खेळाडू म्हणून सगळी वर्षं त्या क्षणावर टपून काढली. आता ते पोरांना त्यातून सुटायला शिकवतात. सरावात तासभर दुसरं काही नसतं: जा, पाय उचल, परत ये. कुणी पाय उचलायला कचरला की दादा शिट्टी वाजवत नाहीत, फक्त “पावणेचार” म्हणतात. पोरगा मुकाट मध्यरेषेवर जाऊन पुन्हा दम घेतो.

ही पोरं टीव्हीवर प्रो कबड्डी बघत वाढली आहेत. २०१४ साली आठ संघांनी सुरू झालेल्या त्या लीगमध्ये आता बारा संघ आहेत. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला २०१९च्या लिलावात १ कोटी ४५ लाख रुपये मिळाले, हा आकडा इथल्या सातवीतल्या मुलालाही पाठ आहे. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारने २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आणि पुढच्याच मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली. खेड्यातून थेट झगमगाटात, अशीच ही गोष्ट सांगितली जाते. मधल्या पायऱ्या कुणी सांगत नाही.

त्या पायऱ्या अशा: गावाचं मंडळ, तालुक्यातल्या स्पर्धा, जिल्हा अजिंक्यपद, निवड चाचणी, जिल्ह्याचा संघ, राज्य स्पर्धा, महाराष्ट्राचा संघ. वाटेत एखाद्या कंपनीच्या, बँकेच्या, रेल्वेच्या किंवा पोलिसांच्या संघात शिरकाव झाला तर पगार सुरू होतो. अलीकडे आणखी एक पायरी आली आहे. २०२२पासून युवा कबड्डी सिरीज तरुणांना ओळीने सामने मिळवून देते आणि मोठ्या लीगचे संघ तिथे नजर ठेवून असतात. हे चांगलंच आहे. पण तिथे पोचेपर्यंतचा खर्च कोण करतं?

बर्फावरच्या हॉकीत अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या लीगमधल्या ३२ संघांपैकी प्रत्येकाला खालच्या लीगमध्ये जोडलेला एक संघ असतो. निवडलेली तरुण पोरं तिथे पगारावर खेळतात, चुकतात, तयार होतात. आपल्याकडे ते काम गावाची वर्गणी करते. दिवे भाड्याचे, चषक कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ, आणि देणगीदारांची नावं कर्ण्यावरून इतक्या वेळा पुकारतात की गुण ऐकू येत नाहीत. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने याच पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. वाड्या पुन्हा उभ्या करण्यात पैसा गेला, तरी कबड्डीसाठी वर्गणी निघते, याचं मला कौतुक वाटतं. थोडा रागही येतो. या मातीत तयार झालेला पोरगा पुढे लिलावात विकला जातो, तेव्हा माती चाळणाऱ्याच्या हाती काय पडतं?

दादांना हा प्रश्न विचारला तर ते हसले. त्यांची काळजी वेगळी होती. सुट्टीच्या दिवसांत सरावाला निम्मीच पोरं येतात, बाकीची किनाऱ्यावर पर्यटकांना बनाना राइडला बसवत असतात. रोजचे पैसे रोज मिळतात. घरच्यांना समजावताना दादा कोटींचा आकडा काढत नाहीत, सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाबद्दल बोलतात. त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतल्या कामगिरीचं प्रमाणपत्र लागतं. रात्रीच्या खाचरातल्या चषकाला तिथे किंमत नाही, हेही ते लपवत नाहीत.

मग ही खाचरातली स्पर्धा कशासाठी? त्याचं उत्तर मला अर्धा किलो उतरवणाऱ्या त्या पोराकडून मिळालं. काट्यावर तो कसाबसा बसला. पहिल्या चढाईत निदान रेषेवर पाय उचलला आणि समोरच्या कोपऱ्याने घोटा धरला. बाद. संघाने गुण घेतल्यावर तो आत आला, पुन्हा गेला, पुन्हा तीच पकड. बाहेर बसून त्याने बाम मागितला, मातीच चोळावी तसा पायाला चोळला. समालोचकाने थट्टा केली, प्रेक्षकांत त्याची आत्या होती, तिने समालोचकालाच सुनावलं. दादा काहीच बोलले नाहीत. नंतरच्या एका चढाईत त्याने पाय उचलण्याआधी खांदा डावीकडे टाकला. कोपरारक्षक फसला, अर्धं पाऊल उशिरा आला आणि पोरगा परत. गुण मिळाला नाही, फक्त पावणेचार मीटर जाऊन तो जिवंत परतला.

खांद्याची ती हूल त्याला कुणी शिकवली नव्हती. दोनदा घोटा धरला गेला, म्हणून ती सुचली. मोठ्या लीगमध्ये दोनदा असा पकडला गेलेला नवखा खेळाडू तिसऱ्यांदा पाठवतील का, याची मला शंका आहे; तिथे बाकावर पर्याय तयार असतात. लहान स्पर्धा पोराला पकडलं जाण्याची मुभा देते, वारंवार, चारचौघांत, आणि फारसं काही न गमावता. कुठलीही अकादमी हे इतक्या स्वस्तात देऊ शकेल असं वाटत नाही.

त्यांचा संघ त्या रात्री हरला. याला पुढच्या सामन्यात घेणार का, असं मी दादांना विचारलं. “घेणार की,” ते टेप गुंडाळत म्हणाले, “माझ्याकडे आठवा आहे कुठे?”