वाडीवरचे तात्या पोस्टमन

आमच्या वाडीचे तात्या पोस्टमन वारले. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी शेवटपर्यंत लोक त्यांना पोस्टमनच म्हणत. खात्याच्या दप्तरी मात्र ते कधीच पक्के नोकर नव्हते. खेड्यातल्या शाखा डाकघरांतल्या अशा माणसांना पूर्वी ‘ईडी’ म्हणत, म्हणजे खात्याबाहेरचे. पुढे नाव बदलून ‘ग्रामीण डाक सेवक’ झालं. काम दिवसाला तीन ते पाच तासांचं धरलेलं, आणि पोटापाण्याला दुसरं उत्पन्न हवं, ही नेमणुकीचीच अट. तात्यांचं दुसरं उत्पन्न म्हणजे काकींनी सांभाळलेली भातशेती आणि दोन म्हशी. लावणीच्या दिवसांत तात्या पिशवी खांद्याला लावून निघत, तेव्हा काकी आणि मुलं गुडघाभर चिखलात असत. खात्याचा निम्मा भार अशा घरांनीच उचलला, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोकणात पोस्टमनला वजन आलं ते मनीऑर्डरीमुळे. ही सोय देशात १८८० साली सुरू झाली आणि मुंबईच्या गिरणीतला पगार पिढ्यान्‌पिढ्या तिच्यामार्फतच वाड्यांत पोचला. तात्या ओटीवर बसत, नोटा दोनदा मोजत, म्हातारीचा अंगठा शाईत बुडवून फॉर्मवर ठसा घेत, साक्षीदाराची सही घेत आणि शेवटी खालच्या चार ओळी वाचून दाखवत. मुलानं नुसतं ‘या महिन्यात कमी पाठवतो’ एवढंच लिहिलं असेल, तर ‘तब्येत बरी आहे’ हे तात्या आपल्या पदरचं जोडत. नियमात बसत नसणार, पण तक्रार कोण करणार? दुःखाचं कार्ड मात्र ते मोठ्यानं वाचत नसत. कर्त्या माणसाला परसात बोलावून हातात देत. वाचलं की तिथंच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, हा रिवाज.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. म्हाताऱ्या पायरीवर येऊन ‘माझं काय आलंय?’ विचारत. मग तात्या वरच्या पाणंदीनं जाऊ लागले.

पिनकोड १९७२ साली आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, शिवाय संस्कृतचे कवी. पण ते सहा आकडे टपाल गावापर्यंतच आणतात. एकाच नावाच्या दोघांत पत्र नेमकं कुणाचं, हे तात्याच ठरवत.

आता डाक सेवकाच्या हाती मोबाइल आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र आहे. २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँकही तोच दारात नेतो. काम वाढलं, पण पासष्टाव्या वर्षी घरी जाताना पक्क्या पोस्टमनसारखी पेन्शन त्याला आजही नाही. तात्यांना मिळालेली रक्कम धाकटीच्या लग्नात संपली. डाक सेवकांच्या संघटना पेन्शनसाठी वर्षानुवर्षं भांडताहेत. मागणी रास्त आहे, सरकारनं ती आणखी ताणू नये.